सात नंबरची टेस्टट्यूब

आमच्या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर त्याहून नाही. विरार स्टेशनबाहेर एखादा रिक्षावाला "नमस्ते मॅडम" म्हणाला की त्या त्याच्याकडे अगदी परक्यासारख्या बघायच्या. मग म्हणायच्या, "आ कर." बिचाऱ्यानं आ केला की बाईंचा चेहरा खुलायचा. "अरे, तू होय! उजव्या गालातला डाग! उतरलाय की रे! मुलगी दहावीला होती ना तुझी?" भर रस्त्यात रिक्षावाला आ करून उभा, मागं बसलेली गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि बाई एक डोळा मिटून आत बघतायत. हे मी एकदा नाही, शंभरदा पाहिलंय. सुरुवातीला मला लाज वाटायची. मी चार पावलं लांब जाऊन उभा राहायचो, माझा आणि या बाईंचा काही संबंध नाही असं दाखवत.

संबंध होता तर. चांगली नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. दातांच्या कॉलेजात त्या बायोकेमिस्ट्री शिकवायच्या आणि मी त्यांच्या लॅबमधला टेक्निशियन. आता खरं सांगायचं तर लोकांची तोंडं बघणं हे बाईंचं कामच नव्हतं. त्या डॉक्टर नव्हत्या. रक्त, रसायनं, टेस्टट्यूब एवढाच त्यांचा संसार. तोंडं बघायला वरच्या मजल्यावर ओपीडी होती, तिथं डॉक्टरांची फौज होती. पण बाईंना सांगणार कोण? बाई रस्त्यातून माणसं पकडून आणायच्या आणि वर पाठवायच्या. डॉक्टर पहिल्यांदा वैतागायचे. पुढं पुढं त्यांच्याही लक्षात आलं, की बाईंनी पाठवलेला माणूस सहसा फुकट आलेला नसतो.

बाई वसईजवळच्या निर्मळ गावच्या. ख्रिस्ती घर, भावाची केळीची वाडी. घरी फोनवर आईशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलायला लागल्या की मला, कोकणातून आलेल्या माणसाला, दहातले दोन शब्द कळायचे. स्कूटरवर यायच्या. पुढच्या जाळीत टिफिन आणि पर्स, आणि मागं दोरीनं बांधलेली केळी. ही केळी खायला नव्हती, म्हणजे नुसती खायला नव्हती. ती बाईंची मोजपट्टी होती.

ज्याला सुपारी-तंबाखूची सवय असते त्याचं तोंड हळूहळू आखडायला लागतं. आतली कातडी ताठ होते, पांढरट पडते. त्याचं त्याला कळतही नाही, कारण माणूस काही रोज आ करून आरशात बघत नाही. डॉक्टर पट्टी लावून मोजतात. पण पट्टी काढली की लोक बिचकतात, पळतात. केळं बघून कोण पळतो? बाईंकडे तीन जाती असायच्या. बारकी वेलची, मधली बसराई आणि आमच्या वसईची ती दांडगी राजेळी. सोललेलं केळं दातांना न लावता तोंडात घालायचं, एवढीच परीक्षा. राजेळी आत गेली की पास. बसराईवर अडला की बाई म्हणायच्या, "वर जाऊन ये." आणि वेलचीलाच अडला तर काही बोलायच्या नाहीत, स्वतः हात धरून वर घेऊन जायच्या.

रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात हाच कार्यक्रम. फादर एकदा हसत म्हणाले, "बाय, देवळातून बाहेर पडलेल्या माणसाला जरा शांतपणे घरी जाऊ दे." बाई म्हणाल्या, "फादर, आत्मा तुम्ही बघा. तोंड मी बघते." आणि फादरांच्याच हातात राजेळी ठेवली. फादर पास झाले, पण पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी गुटख्यावर पाच मिनिटं घेतली.

पुतणीच्या लग्नात तर बाईंनी कहर केला. नवऱ्यामुलाला स्टेजवर भेटवस्तू द्यायला गेल्या आणि पाकिटाबरोबर केळं दिलं. वऱ्हाड बघत राहिलं. नवरामुलगा पास झाला म्हणून बरं! "नापास झाला असता तर काय केलं असतंत?" असं मी नंतर विचारलं. "लग्न लावलं असतं," बाई म्हणाल्या, "पण हनिमूनच्या आधी ओपीडी."

आमच्या कॉलेजातला शिपाई, लायब्ररीतले काका, कँटीनवाला, प्रिन्सिपॉलसाहेब, सगळ्यांची केळ्याची परीक्षा झालेली. एकटा मी सुटलेला. कधी "बाई, आज उपवास", कधी "केळ्यानं मला कफ होतो". बाईंना वाटायचं हा आपला आहे, याची काय परीक्षा घ्यायची! उलट कोणी आलं की अभिमानानं सांगायच्या, "हा माझा टेक्निशियन. सुपारीलासुद्धा शिवत नाही."

शिवत नाही! अहो, फुलपाड्याच्या टपरीवर मी रोज सकाळी गुटख्याची पुडी फाडायचो. टपरीवाल्याला मला बघूनच कळायचं, कुठली माळ खाली घ्यायची. एक पुडी सकाळी, एक दुपारी, एक परत जाताना. लॅबच्या दारात पाय ठेवायच्या आधी बडीशेप चावायची, तोंड खळखळून धुवायचं. बाईंच्या नाकाखाली तीन वर्षं मी हे निभावलं. हुशारी म्हणावी तर ती एवढीच केली आयुष्यात.

घरी मात्र भांडं फुटायला लागलं होतं. आम्ही नालासोपाऱ्याला राहायचो. माझी बायको मालवणची, तिच्या हातचं माशाचं तिखलं खाऊन पाहुणे बोटं चाटायचे. आणि मी एक दिवस ताट बाजूला सारलं. "जरा तिखट कमी घाल." ती बघतच राहिली. "आईच्या हातचं चालायचं, माझ्या हातचं झोंबतं होय?" मला खरोखरच झोंबायचं. जिभेला, गालांना आग लागायची. पण सांगणार काय? तिनं मसाला अर्ध्यावर आणला. तरी झोंबलं. मग ती गप्प झाली. आमच्या घरात एक वर्षभर वरणभात आणि अबोला असं दोन्ही वाढलं जायचं. तिला वाटायचं आपल्या हातचं काही रुचत नाही याला. माझ्या मनात काय होतं ते मी मलाही सांगत नव्हतो. तोंडांची इतकी माहिती असलेल्या लॅबमध्ये दिवसभर बसणाऱ्या माणसाला आग कसली ते कळत नसेल?

त्याच वर्षी बाईंची पीएचडी जोरात होती. पन्नाशीला आलेल्या बाई, गाईड त्यांच्यापेक्षा वयानं लहान. विषय विचारला की त्या सरळ खिडकीकडे बोट दाखवायच्या. "हे गज बघ. समुद्राची खारी हवा. वरून रंग मारलाय, आतून गंज खातोय. शरीरातही असाच गंज धरतो. रोजच धरतो, आणि शरीर तो रोज उतरवतं. सुपारी-तंबाखूवाल्याचा गंज इतका वाढतो की उतरवणारं सामान पुरत नाही. मला एवढंच बघायचंय, कॅन्सर व्हायच्या आधी, तोंड नुसतं आखडायला लागलंय, नुसता पांढरा डाग आलाय, तेव्हा तो गंज रक्तात दिसतो का?"

दिसायचा. आणि तो दिसताना मी रोज बघायचो. रक्तातलं सिरम वेगळं काढायचं, त्यात रसायन घालायचं, उकळत्या पाण्यात ट्यूब उभ्या करायच्या. थोड्या वेळानं गुलाबी रंग चढायला लागतो. निरोगी माणसाचा रंग पातळ सोलकढीसारखा. पेशंटचा रंग कोकम सरबतासारखा, गडद. मग यंत्रात घालून आकडा घ्यायचा. लाइट गेले की बाई कोळणींकडून मासळीचा बर्फ आणायच्या आणि सिरम त्यात ठेवायच्या. सगळ्या लॅबला बांगड्याचा वास. मला घरच्यासारखं वाटायचं.

बाईंचा एक नियम होता, त्याला त्या आंधळी कोशिंबीर म्हणायच्या. ट्यूबवर फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा हे वहीत, आणि ती वही माझ्या कपाटात कुलूप लावून. "मला नाव कळता कामा नये. ओळखीचा माणूस निघाला तर त्याचा रंग मला फिकाच दिसणार. डोळा लबाड असतो रे. रक्त खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

पेशंट भरपूर मिळाले. अडचण झाली ती निरोगी माणसांची. तुलनेला कधीच सुपारी-तंबाखू न खाल्लेले लोक हवे होते आणि तसे पुरुष मिळता मिळेनात. एक कमी पडत होता. बाई माझ्याकडे वळल्या. "तू आहेसच की." फॉर्म पुढं केला. "कोणतेही व्यसन नाही" याच्यासमोर खूण करायची, खाली सही. त्याच वेळी सांगता आलं असतं. पण आदल्याच दिवशी बाईंनी माझं कौतुक केलं होतं, ओपीडीतल्या चार डॉक्टरांसमोर. मी सही केली. वरच्या नर्सनं रक्त काढलं. वहीत नंबर मुद्दाम मागंपुढं केलेले असायचे, त्यातल्या एका रिकाम्या नंबरापुढं मी माझ्या हातानं माझं नाव लिहिलं. सात नंबर.

ट्यूब उकळून निघाल्या. निरोगी माणसांची सगळी रांग फिकट, आणि मध्ये सात नंबर कोकम सरबत.

बाई त्या ट्यूबकडे किती तरी वेळ बघत होत्या. मी वॉटर बाथचं झाकण पुसत होतो, पुसलेलंच परत पुसत होतो. "काचेत काहीतरी राहिलं असेल," त्या म्हणाल्या. पुन्हा केली. पुन्हा गडद. नवीन रसायन बनवून केली. तरी गडद. मग म्हणाल्या, "सात नंबरला उद्या परत बोलाव. ताजं रक्त घे."

आता मी जे केलं ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. आमचा वॉचमन साधा माणूस, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. त्याला म्हटलं, "ये, तुझं हिमोग्लोबिन बघतो." त्याचं रक्त काढलं आणि ट्यूबवर लिहिलं सात. माझा हिशोब सोपा होता. रंग फिका येईल, बाई म्हणतील पहिल्यांदा काहीतरी चुकलं होतं, आणि विषय संपेल.

रंग फिका आला. बाई स्टुलावर बसल्या. आनंद नाही, काही नाही. पांढऱ्याफटक पडल्या.

"एकच माणूस," त्या म्हणाल्या. "काल कोकम, आज सोलकढी. काल तीन वेळा केली रे मी! मग खोटं कोण बोलतंय? माझी पद्धतच खोटी आहे."

"बाई, एखाद्या वेळी होतं..."

"एखाद्या वेळी कशाला? जी पद्धत एकाच माणसाला दोन उत्तरं देते, तिचा एकही आकडा मी धरणार नाही."

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लाल पेन उघडलं. वर्षभराचे सगळे आकडे होते त्यात. एक एक माणूस कामधंदा बुडवून आला होता. त्यात मिठागरावरचा एक म्हातारा होता. रक्त काढताना तो म्हणाला होता, "बाय, रगत देतो, पन घोटभर पानी दे." बाईंनी स्वतः त्याला पाणी पाजलं होतं, चमच्यानं, कारण त्याच्या तोंडात पेला जात नव्हता. तो आदल्याच महिन्यात गेला होता. त्याचं रक्त आता कुठून परत आणणार होत्या बाई? पेनाचं टोक पानावर टेकलं. पहिल्या पानावर, त्याच पानावर तो म्हातारा होता.

मी त्यांचा हात धरला. बाईंचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरला असेन.

"बाई, थांबा. तुमची पद्धत बरोबर आहे. सात नंबर मी आहे. मी खातो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आणि आजची ट्यूब?"

"वॉचमनची."

मला वाटलं आता कानाखाली बसते. बाईंनी विचारलं काय? "त्याला सांगून घेतलंस रक्त?"

"हिमोग्लोबिन बघतो म्हणालो."

"मग आधी त्याचं हिमोग्लोबिन बघ. त्याला आकडा नेऊन दे. मग इकडे ये."

मी हिमोग्लोबिन केलं. गेटवर जाऊन सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "चांगलं आहे ना? लई उपकार झाले साहेब." परत आलो तेव्हा टेबलावर राजेळी सोलून ठेवलेली होती.

राजेळी गेली नाही. बसराई घेतली, तीही दातांना लागली. बाई वेलची सोलायला लागल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं नाही त्यांनी. "सगळ्या वसईची तोंडं बघत फिरते मी," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या शेजारच्या स्टुलावरचं बघितलं नाही. माझा डोळा लबाड म्हणते ते काही उगीच नाही."

वेलची गेली. तेवढं माझं नशीब.

बाईंनी मला वर नेलं, डॉक्टरांनी बघितलं. डाव्या गालात पांढरा डाग होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला लागले ते आठ दिवस बाई रोज स्कूटरवरून मला नालासोपाऱ्यापर्यंत सोडायच्या, वाटेत एकही टपरी लागू नये म्हणून लांबचा रस्ता घेऊन. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण त्या वाटेला मी लागलो होतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सवय सुटली तर डाग उतरेलही, आखडलेलं मात्र पूर्ण सुटेल असं धरून चालू नको.

त्या दिवशी बाई थेट आमच्या घरात आल्या. चप्पल दारात काढायच्या आधीच बायकोला म्हणाल्या, "तुझ्या स्वयंपाकात काही दोष नाही गं. दोष याच्या तोंडात आहे." आणि मला दिव्याखाली बसवून तिला आत दाखवलं. बायको बघून मागं सरकली. "वर्षभर मी मसाला कमी करत बसले," ती म्हणाली, "आणि हा बाबा... शिरा पडो त्या पुडीवर!" मग रडली, मग मला दोन शिव्या दिल्या, मग बाईंना जेवायला वाढलं. पूर्ण तिखट घालून. बाईंना नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

पुढचे व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांनी. दातांमध्ये जितक्या मावतील तितक्या चपट्या काड्या एकावर एक ठेवायच्या, धरून ठेवायच्या, आणि हळूहळू एक एक वाढवायची. दुकानात काड्यांचं बंडल मिळतं, पण बाईंना विकतचं कशाला! रविवारी संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ही कॉलेजातली प्राध्यापक बाई पोरांच्या मागं उभी राहायची. "संपलं का रे? काडी दे." घरी कुकरमध्ये उकळून, उन्हात वाळवून सोमवारी माझ्या टेबलावर ठेवायची. माझ्याच नाही, सगळ्या पेशंटच्या काड्या अशाच जमलेल्या. पुडी सोडताना मी काय काय नरक बघितला ते सोडा. चिडायचो, झोप यायची नाही. पण सोमवारी त्या काड्या टेबलावर दिसल्या की माझी टपरीकडे जायची हिंमत व्हायची नाही. दोन काड्या वाढल्या, मग तिसरी. डाग फिका झाला. राजेळी काही आजतागायत गेलेली नाही. बसराई जाते.

आणि शेवटी बाईंच्या पीएचडीची तोंडी परीक्षा. हॉल भरलेला. मागच्या रांगेत माझी बायको, मांडीवर बाईंसाठी नारळाच्या वड्यांचा डबा. मी प्रोजेक्टरजवळ उभा, एकेक पारदर्शक कागद बदलायला. परीक्षक बाहेरगावचे, मोठे नावाजलेले डॉक्टर. जेवण झाल्यावर खिशातून छोटी डबी काढून त्यांनी सुगंधी सुपारी तोंडात टाकली होती, ती गालात धरूनच ते बोलत होते.

"मॅडम, तुमच्या निरोगी गटात सात नंबर दिसत नाही. तुमच्या सोयीचा आकडा आला नाही म्हणून वगळलात का?"

"वगळला नाही सर, दुसऱ्या गटात आहे. दोन्ही ट्यूबची हकिकत तळटीपेत लिहिली आहे. त्यानं सवय लपवली होती, नंतर आपण होऊन सांगितली."

"त्याला पुरावा?"

"त्याचा शब्द."

हॉलमध्ये हसू पसरलं. "एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दावर तुम्ही तुमचा प्रबंध उभा केलात? कोण आहे तो? बोलवा त्याला."

"नाव सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "नाव कोणालाही कळणार नाही असं सगळ्यांना लिहून दिलंय. तुम्हाला पटत नसेल तर तसा शेरा मारा."

परीक्षकांनी पेन उचललं. बाई ताठ उभ्या होत्या. सगळं आयुष्य पणाला लागलेलं, आणि या बाईनं माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही, चुकून ओळख पटेल म्हणून. अशा बाईच्या हाताखाली मी काम केलंय. माझी छाती एवढी भरून आली, की पाय आपोआप पुढं गेले.

"सर, मी आहे तो," मी म्हटलं. "सात नंबर. खोट्या फॉर्मवर सहीही मीच केली, ट्यूबही मीच बदलली. आणि पद्धतीनं मला दोन्ही वेळा पकडलं."

"तुला कोणी मध्ये बोलायला सांगितलं?" बाई ओरडल्या. मग म्हणाल्या, "बोललासच आहेस तर आ कर."

अंधारात कागद शोधायला खिशात ठेवलेला टॉर्च मी काढून सरांच्या हातात दिला आणि भर हॉलमध्ये आ केला. ते उठून जवळ आले. डावा गाल बघितला, उजवा बघितला. चष्मा वर करून पुन्हा डावा बघितला. माणूस त्यातला होता, त्याला दिसायचं ते दिसलं. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. त्यांनी टॉर्च मला परत दिला, जागेवर गेले आणि मघाचं पेन खाली ठेवलं.

"माझा काही आक्षेप नाही," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पिशवीतून राजेळी काढली, सोलली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता तुमचं, सर. ती सुपारी थुंकून या."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी कपाळाला हात लावलेला. सर आधी हसले. मग बाई हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठून बाहेर गेले, चूळ भरून आले, रुमालानं ओठ पुसले आणि खुर्चीत बसून त्यांनी आ केला.

टॉर्च मी धरला.